सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एक वेळ शेवटची पोळी गरम मिळेल, पण रिझल्टच्या दिवशी रिझल्टची साइट पहिल्या झटक्यात उघडेल, हे शक्य नाही! अर्धं हॉस्टेल एकाच पानावर तुटून पडलेलं असतं. कुणी म्हणतं रात्री दोननंतर बघ, कुणी म्हणतं वायफाय सोड, मोबाईलचा डेटा लाव. एखादी अनुभवी सिनियर मात्र शांतपणे झोपून जाते आणि सकाळी सहाला उठून पाहते. तिचा दिसतो.

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा पाऊस, मैत्री आणि आई हे तिन्ही विषय (दरवर्षीप्रमाणे) आधीच गेले होते. त्यात मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्या विदर्भात नर्सरीलाही 'कॉन्व्हेंट'च म्हणतात ते सोडा, माझी खरीखुरी सिस्टर लोकांची शाळा होती आणि तिथे मराठी दिवसातून एका तासापुरतीच भेटायची. घरी मात्र वऱ्हाडी वळणाची, आणि आता हॉस्टेलमध्ये सगळ्यांची मिळून झालेली खिचडी. तेव्हा भाषा जशी येईल तशी चालवून घ्या. विषय मात्र आपल्याच ब्रांचचा घेतलाय. विद्यापीठात कॉम्प्युटर आणला की तो कधी कामाला येतो आणि कधी लोकांच्या डोक्यावर बसतो, हा.

मी समुद्रपूरची. फर्स्ट इयरला इंट्रो देताना गावाचं नाव सांगितलं की सिनियर विचारायचे, "बीच कसा आहे तुमच्याकडचा?" समुद्र सोडा, उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी आमच्याकडे बातमी होते. वर्धा जिल्ह्यातला आमचा तालुका. जवळच जामचा चौरस्ता, तिथून हैदराबादचा हायवे सरळ जातो आणि चंद्रपूरचा रस्ता फुटतो. कापूस, सोयाबीन, गिरडची टेकडी, एवढी ओळख पुरे. बाबा तालुक्यातल्याच एका कॉलेजात क्लार्क आहेत. त्यांच्या टेबलावर अ‍ॅडमिशन, परीक्षा फॉर्म, स्कॉलरशिप, टीसी असं सगळंच येतं. मोठ्या कॉलेजात ज्याचे चार विभाग असतात, त्याचं आमच्याकडे एक टेबल असतं आणि एक कूलर.

यंदा आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्ट मिळाला 'स्टुडंट इन्फर्मेशन सिस्टिम'. हसू नका! दरवर्षी निदान पाच ग्रुप हाच विषय घेतात हे मलाही माहीत आहे. एक लॉगिन पेज, एक डेटाबेस, 'अ‍ॅड स्टुडंट', 'डिलीट स्टुडंट', रंगीत होम पेज आणि शेवटी 'फ्युचर स्कोप'. गाइड सरांनी अट घातली, की जो माणूस हे काम रोज करतो त्याच्याजवळ बसून या, मग कोड लिहा. म्हणून सेमिस्टर संपल्यावर जूनमध्ये मी पंधरा दिवस बाबांच्या टेबलाजवळ स्टूल टाकून बसले. हा लेख म्हणजे त्या स्टुलावरून दिसलेलं विद्यापीठ.

पहिल्या दिवशी वाटलं, काम सोपं आहे. पोट्टे येतात, फॉर्म देतात, बाबा स्क्रीनवर भरतात, प्रिंट निघते. दुसऱ्या दिवसापासून मी नुसत्या 'वेगळ्या' केसेस लिहायला लागले. एकाचे दोन पेपर जुन्या स्कीमचे राहिलेत आणि आता स्कीमच बदलली, तर त्याला नव्या स्कीममध्ये कुठले विषय लागतील? एक मुलगी तीन वर्षांनी परत आली, मधे बाळंतपण. एकाचं दहावीच्या सनदेवर आडनाव वेगळं, आधारवर वेगळं आणि जातीच्या दाखल्यावर तिसरंच. एक मुलगा चंद्रपूर जिल्ह्यातून आलेला. आता आमच्या तालुक्याची हद्द ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, आणि २०११ साली गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं तेव्हापासून तिथे विद्यापीठही दुसरं लागतं. बस तीच, शेत तेच, पाहुणे तेच, पण कागदोपत्री पोरगा 'बाहेरच्या विद्यापीठाचा'. त्याला मायग्रेशन लागतं, एलिजिबिलिटी लागते. पंधरा दिवसांत माझ्या वहीत अशा एकेचाळीस केसेस जमा झाल्या. सरळ म्हणावेत असे विद्यार्थी त्याहून फार जास्त नव्हते.

या एकेचाळीस जणांचं काय करायचं ते बाबांना तोंडपाठ होतं. तोंडपाठ नसेल तर त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर आहे, लाल कापडी पुठ्ठ्याचं. ते सरकारी नाही, कुणी मागितलेलं नाही. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय: अमुक साली अमुक केस आली, विद्यापीठातून अमुक पत्र आलं, असं केलं तेव्हा काम झालं. मी विचारलं, "बाबा, हे तुम्ही कॉम्प्युटरमध्ये का नाही टाकत?"

बाबा म्हणाले, "टाकतो ना माय. पण कॉम्प्युटर विचारते तेवढंच त्यात टाकता येते. हे त्यानं कधी विचारलंच नाही."

आता कुणी म्हणेल, हा जुन्या पिढीचा बहाणा. तर तसं नाही. बाबांनी एमएस-सीआयटी केलंय. राज्य सरकारने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल काढलं आणि त्यातून एमएस-सीआयटी घरोघरी पोचलं, तेव्हा नोकरीत लागतं म्हणून क्लार्क मंडळी संध्याकाळी माऊस धरायला शिकत होती. बाबांची कृतिदेव फॉन्टवरची टायपिंगची स्पीड बघून आमच्या ग्रुपमधली कोडिंगवाली मुलंसुद्धा गप्प बसली असती. पण कृतिदेवची एक गोम आहे, आणि ती माझ्यासारखीलाही स्टुलावर बसल्यावरच दिसली. कृतिदेवमध्ये लिहिलेलं नाव आपल्याला मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉन्ट नुसता वरून मराठीचं सोंग देतो. म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या याद्या कॉम्प्युटरमध्ये 'आहेत', पण त्यात युनिकोडमध्ये नाव टाईप करून शोधलं तर काहीच सापडत नाही. मग त्या याद्या कन्व्हर्ट करायच्या. कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबड करतो. मग माणसाने बसून तपासायच्या. आणि विद्यापीठाला नाव इंग्रजीत पाहिजे असतं. आता 'ज्ञानेश्वरी' इंग्रजीत लिहून दाखवा! डीएन, जीएन, की डीएनवाय? प्रत्येक फॉर्मवर वेगळ्या माणसाने भरलं असेल तर एकीच्या तीन ज्ञानेश्वऱ्या होतात.

हे गमतीचं वाटतं. माझ्या मावशीच्या मुलीच्या बाबतीत ते गमतीचं राहिलं नाही.

ताई बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिचं लग्न झालं. शिक्षण पूर्ण करू देणार, असं बैठकीत ठरलं होतं. सासर दुसऱ्या विभागात, तिथलं विद्यापीठही वेगळं. (कुठलं ते लिहीत नाही.) मायग्रेशन, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळे कागद देऊन तिने तिसऱ्या वर्षाला तिथल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन घेतली, नव्या नावाने. अभ्यास पहाटे, कारण दिवसा घरात वेळ नाही. बीएडची सीईटीसुद्धा दिली, चांगले मार्क आले. रिझल्टच्या दिवशी सगळ्यांचा लागला आणि तिच्या नावापुढे आलं, 'रिझर्व्ह'.

झालं होतं असं की तिकडच्या सिस्टिममध्ये ताई दोन झाली होती. पहिल्या दोन वर्षांचे मार्क माहेरच्या नावाच्या एका नंबरवर चढलेले आणि तिसरं वर्ष सासरच्या नावाच्या दुसऱ्या नंबरवर. सिस्टिमच्या दृष्टीने एक मुलगी दोन वर्षं शिकून गायब झाली होती, आणि दुसरी मुलगी एकदम तिसऱ्या वर्षात टपकली होती. नियमाप्रमाणे दुसरीचा रिझल्ट लावता येत नव्हता. सिस्टिमने नियमाप्रमाणेच केलं.

ताईने पोर्टलवर तक्रार टाकली. लगेच एसएमएस आला, 'आपली तक्रार नोंदवली आहे', सोबत लांबलचक नंबर. आठवड्याने दुसरा एसएमएस, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. उघडून पाहिलं तर लिहिलेलं, कॉलेजशी संपर्क साधा. कॉलेजातले बाबू म्हणाले, आम्हाला दोन्ही नंबर दिसतात ताई, पण जोडायचं बटन आमच्या लॉगिनला नाही. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, जोडता येईल, पण ही एकच व्यक्ती आहे हे मला कसं कळणार? दोघंही खरं बोलत होते. ज्याला माहीत होतं त्याच्याकडे लॉगिन नव्हतं, आणि ज्याच्याकडे लॉगिन होतं त्याला माहीत नव्हतं! माझ्या मते विद्यापीठांच्या कॉम्प्युटरचं सगळं दुखणं या एका जागी आहे. बाकी सर्व्हर, बँडविड्थ, रॅम वगैरे पैशाने येतं.

बीएडच्या राऊंडला मार्कशीट लागते. तारीख निघून गेली. आपल्याला वाटतं एक वर्ष गेलं तर काय, हॉस्टेलमध्ये इयर डाऊनवाले कमी आहेत का. पण लग्न झालेल्या मुलीचं एक वर्ष वेगळं असतं. "एवढं शिकली ते पुरे झालं," हे वाक्य त्या घरात आधीपासून होतंच, त्याला फक्त कारण पाहिजे होतं. ते कारण एका स्क्रीनने पुरवलं. मावशीच्या फोनवर त्या दिवसांत नुसतं रडणं असायचं.

शेवटी सात महिन्यांनी ती नवऱ्याला घेऊन स्वतः विद्यापीठात गेली. नवऱ्याने त्या दिवशी सुट्टी टाकली, हे त्याच्या बाजूने लिहायलाच पाहिजे. तीन खिडक्या फिरल्यावर एका टेबलावर निवृत्तीला आलेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी दोन्ही मार्कशीट आणि लग्नाचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवलं, आईचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे जुळते का ते पाहिलं, एका कागदावर तिच्याकडून अर्ज लिहून घेतला, सही केली आणि आतल्या माणसाला हाक मारली. ताई सांगते, त्यांच्या कपातला चहा गार व्हायच्या आत काम झालं. सात महिने आणि अर्धा कप चहा! पुढच्या वर्षी तिने परत सीईटी दिली. आता बीएडला आहे.

मी हा किस्सा आमच्या ग्रुपमध्ये सांगितला तर एकजण पटकन म्हणाला, "युनिक आयडी नीट ठेवला असता तर झालंच नसतं." खरं आहे. पण युनिक आयडी कॉम्प्युटर देतो, आणि 'ही तीच' हे माणूस सांगतो. ते सांगायला जागाच ठेवली नाही तर आयडी कितीही युनिक असो, माणसाला दोन मिळतात.

इथे मुंबईची आठवण काढलीच पाहिजे. २०१७ साली आपण शाळेत होतो, पण टीव्हीवर पाहिलं असेल. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, देशातल्या सर्वात जुन्या विद्यापीठांपैकी एक. त्या उन्हाळ्यात तिथे सगळ्या उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरलं. कल्पना अजिबात वाईट नव्हती. उत्तरपत्रिका स्कॅन होते, तिला बारकोड लागतो, नाव-नंबर झाकला जातो, प्राध्यापक लॉगिन करून एकेका प्रश्नाला मार्क देतात आणि बेरीज मशीन करतं. बेरजेची चूक संपली, तपासायचं राहिलेलं उत्तर सुटत नाही, पुनर्मूल्यांकनाला फोटोकॉपी लगेच निघते. ज्याने एकदा तरी रिचेकिंगचे पैसे भरलेत त्याला ही पद्धत आवडेल.

पण ठरलं ते परीक्षा सुरू असताना. कंपनी नेमली गेली तोवर उन्हाळा निम्मा आला होता. आणि केलं काय, तर एखाद्या शाखेत करून पाहण्याऐवजी सगळ्या शाखांत एकदम! सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षांचे निकाल. स्कॅनिंग मागे पडलं, कुठल्या विषयाला कुठले प्राध्यापक ही यादीच जुळेना, प्राध्यापकांना लॉगिन मिळाले तर पेपर नाहीत, पेपर आले तर भलत्याच विषयाचे. निकाल लावण्यासाठी जुलैमध्ये कॉलेजांचे तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं. कुलपती म्हणजे राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली होती, तीही गेली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढच्या शिक्षणाला परदेशी जाणारे, पीजीला अ‍ॅडमिशन घेणारे, लॉवाले, सगळे लटकले. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

गंमत (की दैवदुर्विलास म्हणू) अशी, की त्याच वर्षी १ मार्चला राज्यात नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू झाला होता. त्यात निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा, असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक विद्यापीठाला माहिती तंत्रज्ञान मंडळ असावं, असंही त्यातच आहे. म्हणजे कायदा होता, पैसा होता, कंपनी होती, कल्पनाही चांगली होती.

आणि मुंबईच्या मदतीला ज्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या त्यांत आपल्या नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापकसुद्धा होते बरं का! मुंबईवाले नेहमी आपल्याकडे 'तिकडचे विदर्भातले' असं बघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. नागपूरला ही पद्धत आधीपासून चालू होती. एकदम सगळीकडे न करता टप्प्याटप्प्याने आणली होती, त्यामुळे इथल्या प्राध्यापकांचा हात बसलेला होता. नागपूरला सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही. १९२३ पासूनचं विद्यापीठ आहे, त्याच्या पोटात जुने कागद किती असतील विचार करा. मुद्दा एवढाच, की पद्धत जवळपास तीच, आणि निकाल वेगळा.

आपल्या लोकांना स्वतःला शिव्या द्यायची हौस फार, म्हणून एक बाहेरची गोष्ट. गाइड सरांनी आम्हाला वाचायला दिली होती. केंब्रिज विद्यापीठाने ऑगस्ट २००० मध्ये 'कॅप्सा' नावाची हिशेबाची नवी प्रणाली सुरू केली. पैसा लाखो पौंडांत. सुरू झाली आणि बोंबाबोंब! विभागांना आपल्या खात्यात किती पैसे उरलेत ते कळेना, पुरवठादारांची बिलं थकली. मग अँथनी फिंकेलस्टाइन आणि मायकेल शॅटॉक या दोघांकडून चौकशी करवली. नोव्हेंबर २००१ मध्ये अहवाल आला आणि केंब्रिजने तो स्वतःच्या गॅझेटसारख्या पत्रात छापून जाहीर केला. त्यात काय निघालं? पुरेशी चाचणी न करता सुरू केलं, रोज वापरणाऱ्या लोकांना नीट विचारलं नाही, शिकवणं अपुरं. न्यूटनच्या विद्यापीठात! मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग त्यांच्याकडेही कोणी रजिस्टरवाला असन ना, त्याले नसन विचारलं." वर एवढंच म्हणाले, की छापून जाहीर केलं हे मात्र चांगलं केलं त्यांनी.

जुनं सगळं सोनं होतं असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. बाबाच सांगतात, मार्कशीटमधलं एक अक्षर दुरुस्त करायला समुद्रपूरच्या पोराला जामला येऊन एसटी धरून नागपूर गाठावं लागायचं. गेलं, साहेब रजेवर. परत या. शेतमजुराच्या पोराला दोन खेपांचं भाडं म्हणजे चेष्टा नाही. आज तो परीक्षा फॉर्म गावात बसून भरतो, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये येते. हे फार मोठं काम झालंय आणि ते कॉम्प्युटरनेच केलंय. मी उद्या याच धंद्यात नोकरी करणार आहे, तेव्हा आपल्याच ताटात माती कशाला कालवू? पण ज्याचं नाव, वय, वर्ष, विद्यापीठ सगळं सरळ आहे त्याचं काम घरबसल्या झालं, आणि ज्याचं वाकडं आहे त्याला मात्र आता साहेबही सापडत नाही. आधी खिडकीशी भांडता तरी यायचं. पोर्टलशी कसं भांडणार? आणि वाकडं कोणाचं असतं? लग्न झालेल्या मुलीचं, मधे शिक्षण सुटलेल्याचं, बाप शाळेत नाव घालायला गेला तेव्हा मास्तरांनी ऐकलं तसं आडनाव लिहिलेल्याचं. शहरात वाढलेल्या, एकाच शाळेत बारा वर्षं काढलेल्या माझ्यासारखीचं तसं सगळं सरळच असतं (शहर म्हणजे हिंगणघाट, पण तरी).

आता तर हे आणखी महत्त्वाचं झालंय. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, म्हणजे आपले क्रेडिट एका खात्यात जमा होणार आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येणार. ताईला तेव्हा नेमकं हेच पाहिजे होतं! पण ते खातं आधारशी जोडलेलं, आणि आधारवरचं नाव व मार्कशीटवरचं नाव जुळलं पाहिजे. बाबांच्या टेबलावर जूनमध्ये आलेल्या एकेचाळीसपैकी एकोणीस केसेस निव्वळ नावाच्या होत्या. बँक चांगली आहे, पण पासबुकावर नाव कुणाचं, तिथेच गाडी अडते.

अजून एक गोष्ट मला खटकते, ती लिहून पुढे जाते. विद्यापीठं ठेका देतात, ठेका संपतो, दुसरी कंपनी येते. जुन्या डेटाचं काय? सॉफ्टवेअर कंपनीचं असेल, पण विद्यार्थ्यांचे मार्क तर विद्यापीठाचे ना? ते कुठल्या स्वरूपात परत मिळणार, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे करार करतानाच लिहून घेतलं पाहिजे. दिल्ली विद्यापीठात 'समर्थ' नावाची प्रणाली तयार झाली, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून ती इतर विद्यापीठांनाही मिळते. सरकारी विद्यापीठाने सरकारी विद्यापीठांसाठी बनवलेली, ही कल्पना मला पटते. पण त्यातसुद्धा समुद्रपूरच्या टेबलावरच्या माणसाला 'शेरा' लिहायला जागा आहे की नाही, हे मी आधी बघेन.

आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही दोन गोष्टी टाकल्या. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावर शेऱ्याची मोकळी जागा. कॉलेजचा क्लार्क तिथे मराठीत लिहू शकतो, खाली त्याचं नाव आणि तारीख आपोआप पडते, आणि विद्यापीठातल्या लॉगिनला तो शेरा लाल दिसतो. दुसरी, दोन नंबर एकाच माणसाचे आहेत असा प्रस्ताव क्लार्कने करायचा आणि विद्यापीठातल्या अधिकाऱ्याने मंजूर करायचा. जुने दोन्ही नंबर पुसायचे नाहीत, नुसते बांधायचे. कोड म्हणाल तर साधाच आहे, कुणीही सेकंड इयरचा लिहील. एक्स्टर्नल सरांनी प्रोजेक्ट उघडला, शेऱ्याच्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, "यात ब्लॉकचेन का नाही वापरलं?" आमच्या ग्रुपलीडरने "फ्युचर स्कोपमध्ये आहे सर" म्हणून वेळ मारून नेली. मार्क बरे मिळाले.

बाबा पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण करतात. त्यांच्या जागी कोण येणार ते अजून ठरलेलं नाही, कदाचित कुणी येणारही नाही, काम दुसऱ्या टेबलाला जोडतील. म्हणून रविवारी रात्री मेसचं जेवण झालं की मी फोन लावते, बाबा लाल रजिस्टर वाचतात आणि मी लॅपटॉपवर लिहून घेते, युनिकोडमध्ये. कुठली केस, कुठलं साल, काय केलं, कोणत्या पत्राने. काही पानं उंदराने खाल्लीत, काही ठिकाणी बाबांना स्वतःचंच अक्षर लागत नाही, मग आई मागून ओरडते, "चष्मा घालान काय आता!" रेंज गेली की जिथे थांबलो तिथे खूण करून ठेवतो. गेल्या रविवारपर्यंत २०१३-१४ चं सत्र झालं.